गोष्टीच्या पुस्तकातून अभ्यास

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत बालवाचन वर्गाच्या कार्यकर्त्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून बाहेरगावच्या पाहुण्यांचं व्याख्यान होतं. यंदा ते काम कार्यकारिणीने आमच्यावर सोपवलं. आम्ही म्हणजे मंडळाच्या शनिवारच्या बालवाचन वर्गाचं काम पाहणारे सहा जण. आमच्यात दोन निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी करणारी एक ताई आहे आणि दोन जणी वर्गातल्याच मुलांच्या आया आहेत. भाषण सहाही जणांनी मिळून लिहिलं आहे. त्यामुळे यात सगळीकडे 'आम्ही' येईल. चुका निघाल्या तर त्याही सहा जणांत वाटून घेऊ.

गणपतीसमोर बोलायचं आहे, तर सुरुवात त्याच्याच गोष्टीने करू. व्यासांनी महाभारत सांगायचं आणि गणपतीने लिहून घ्यायचं, असं ठरलं. गणपतीने अट घातली की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एकही श्लोक लिहायचा नाही. लहानपणी आम्हाला पहिल्या अटीचंच कौतुक वाटायचं. न थांबता भराभर लिहिणारा गणपती डोळ्यांसमोर यायचा. वाचन वर्ग सुरू केल्यापासून मात्र आम्हाला व्यासांची अट रोज आठवते, कारण आपली मुलं पहिली अट अगदी व्यवस्थित पाळतात. ती भराभर वाचतात, कुठे अडखळत नाहीत. पान संपल्यावर "काय वाचलंस?" म्हणून विचारलं की गप्प होतात.

आमच्याकडे सातवीतला एक मुलगा येतो. इंग्रजी माध्यमाचा, हुशार. पाढे तोंडपाठ, भागाकार चोख. तरी गणितात दर चाचणीला काठावर पास. घरच्यांनी एकापाठोपाठ दोन शिकवण्या लावून पाहिल्या. त्याची आई आम्हाला म्हणाली, "वाचनाचं राहू द्या हो, त्याचं गणितच कच्चं आहे." आम्ही त्याला एक उदाहरण घातलं. एका वाचनालयात मराठी पुस्तकं २४० आहेत. गुजराती पुस्तकं मराठीपेक्षा ६० ने जास्त आहेत. तर वाचनालयात एकूण पुस्तकं किती? त्याने पाच सेकंदांत उत्तर दिलं, ३००. आम्ही चूक म्हटलं नाही की बरोबर म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "हे ३०० कशाचे?" तो परत उदाहरणाकडे वळला, ओठ हलवत वाचू लागला आणि मध्येच म्हणाला, "अरे, ही तर नुसती गुजराती झाली!" मग त्याने स्वतःच ५४० लिहिले.

या मुलाचं गणित कच्चं नव्हतं. 'जास्त' हा शब्द दिसला की बेरीज करायची, एवढंच त्याला कुणीतरी शिकवलं होतं, आणि पूर्ण वाक्य वाचायची सवय कुणी लावली नव्हती. त्या दिवशी आमच्या लक्षात आलं की वाचन हा फक्त भाषेच्या तासाचा विषय नाही. गणिताचं, विज्ञानाचं, इतिहासाचं, भूगोलाचं पुस्तकही वाचावंच लागतं. ते कसं वाचायचं, हे मात्र शाळेत बहुधा कुठल्याच तासाला शिकवलं जात नाही. भाषेच्या बाईंना वाटतं ते विज्ञानाच्या सरांचं काम, सरांना वाटतं ते भाषेच्या बाईंचं.

हे दुखणं काही आपल्या घरांपुरतं नाही. 'असर' नावाची पाहणी आपल्या देशात २००५ पासून होते. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येणारी मुलं निम्म्याहून थोडी कमीच होती. आपली मुलं शहरातली, बऱ्या शाळांतली. अक्षरं त्यांना येतात. अक्षरापासून अर्थापर्यंत जाताना वाटेत जे हरवतं, ते त्यांचंही हरवतं, आणि वाचनाचा आवाज सफाईदार असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

आता आमच्या चुका सांगतो. सहा वर्षांपूर्वी आम्ही वर्ग सुरू केला तो 'मराठी वर्ग' म्हणून. मुलांना मराठी लिहिता-वाचता यावं, एवढाच हेतू होता. पहिल्या दिवशी बावीस मुलं आली. आम्ही फळ्यावर बाराखडी काढली. पुढच्या शनिवारी शुद्धलेखन दिलं, त्याच्या पुढच्या शनिवारी श्रुतलेखन. दिवाळीपर्यंत सहा मुलं उरली. त्यातली दोन आमचीच होती, म्हणजे त्यांना यावंच लागायचं. आठवडाभर शाळा करून दमलेल्या मुलांना शनिवारी दुपारी आम्ही आणखी एक शाळा काढून दिली होती, आणि तीही त्यांच्या शाळेपेक्षा कंटाळवाणी.

एका शनिवारी मुसळधार पाऊस होता. चारच मुलं भिजत आली. धडा घ्यावा एवढी मुलं नव्हती, म्हणून आम्ही मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. मंडळाच्या ग्रंथालयाची ही चार कपाटं पुष्कळांना आठवत असतील. वरच्या खणात कादंबऱ्या, मधल्यांत जुने दिवाळी अंक आणि अगदी खाली, धुळीत, बालवाङ्मय. त्यातलं एक चित्रपुस्तक काढून आम्ही मुलांना नुसतं वाचून दाखवलं. शब्दार्थ नाहीत, प्रश्नोत्तरं नाहीत. संपल्यावर दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "परत." तेच पुस्तक त्या दुपारी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी तिने पुस्तक आमच्या हातातून घेतलं आणि बोट ठेवून स्वतः वाचायला लागली. अर्धं पाठ झालेलं होतं, अर्धं वाचत होती. पण तिच्या बोटाखालचा शब्द आणि तिच्या तोंडातला शब्द एकच होता. दिवाळीपर्यंत बाराखडी गिरवूनही हे झालं नव्हतं.

तेव्हापासून वर्गाची पद्धत बदलली. ती सांगतो, कारण घरी कुणालाही ती करता येईल आणि तिला काही खर्च नाही.

आधी मुखपृष्ठ बघायचं. आत काय असेल, याचा अंदाज करायचा. मग मोठ्याने, सावकाश वाचून दाखवायचं आणि मध्ये एक-दोन ठिकाणीच थांबायचं. "पुढे काय होईल?" असं विचारायचं. मुलाने काहीही उत्तर दिलं तरी बरोबर-चूक न म्हणता आणखी एकच प्रश्न विचारायचा: "कशावरून?" तुला असं कशावरून वाटलं? चित्रावरून, एखाद्या शब्दावरून की तुझ्या मनाचं? हा 'कशावरून' आमच्या वर्गाचा मंत्र झाला आहे. मुलं आता तो आमच्यावरच उलटवतात. गुजराती माध्यमातला एक जण तर तोंड भरून "शेना परथी?" म्हणतो. आम्ही काहीही सांगितलं की ते उलट येतं. घरच्यांना याचा थोडा त्रास होत असणार, त्याबद्दल माफी असावी.

हा प्रश्न गोष्टीपुरता राहत नाही, म्हणून तो महत्त्वाचा. उदाहरण देतो.

एका सुरवंटाची गोष्ट जगभर प्रसिद्ध आहे. एरिक कार्ल यांचं ते चित्रपुस्तक १९६९ मध्ये निघालं. भुकेला सुरवंट सोमवारी एक फळ खातो, मंगळवारी दोन, असं करत शुक्रवारी पाच. शनिवारी तर केक, आइस्क्रीमपासून कलिंगडापर्यंत दहा तऱ्हेचे पदार्थ फस्त करतो आणि त्याचं पोट दुखतं. शेवटी त्याचं फुलपाखरू होतं. आम्ही ते मराठीत सांगत सांगत दाखवलं. पहिलीतल्या मुलांनी वार मोजले, फळं मोजली. एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार अधिक पाच, झाली पंधरा. शनिवारचे दहा धरून पंचवीस. झाली बेरीज, आणि कुणाला ती बेरीज वाटली नाही.

मोठ्या मुलांना आम्ही दुसरं काम दिलं. या पुस्तकात खरं किती आणि गंमत किती, ते शोधा, आणि प्रत्येक वेळी कशावरून ते सांगा. आमच्यातल्या एकीच्या गच्चीत कढीपत्त्याची कुंडी आहे. पावसाळ्यात तिच्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. एक अळी पानांसकट बरणीत ठेवली आणि तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. मुलांनी रोज पाळीपाळीने येऊन वहीत नोंद केली. अळीने केक खाल्ला नाही. कुणी तरी पेरूची फोड ठेवून पाहिली, तिच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कढीपत्ता मात्र फस्त. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसायची, मग हिरवीगार झाली. एके दिवशी तिने काडीला स्वतःला टांगून घेतलं आणि कात टाकली. आत कोश तयार होता. दहाव्या सकाळी फुलपाखरू बाहेर आलं, पंख वाळेपर्यंत थांबलं आणि उडून गेलं.

मग परत पुस्तक उघडलं. चित्रातला सुरवंट स्वतःभोवती घर बांधून घेतो. पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "आपल्या अळीने असं बांधलं नाही, तिच्या आतूनच निघालं." प्रयोगशाळेतल्या ताईने मग समजावून सांगितलं की रेशमाचं वेष्टण विणतात ते पतंगांचे सुरवंट, आणि फुलपाखरांच्या अळ्या सहसा तसं वेष्टण विणत नाहीत. एवढ्या प्रसिद्ध पुस्तकातली गोष्ट आपण तपासू शकतो, याचा मुलांना केवढा अभिमान वाटला! पुस्तकावरचं त्यांचं प्रेम काही कमी झालं नाही. गोष्ट कशी वाचायची आणि माहिती कशी वाचायची, एवढा फरक त्यांना कळला. विज्ञानाच्या धड्यात आकृती येते, तिला नावं दिलेली असतात, आणि मुलं ती आकृती ओलांडून पुढे जातात. आमच्या वर्गातली मुलं आता आधी आकृतीवर बोट ठेवतात.

दुसरं उदाहरण अगदी आपल्या बडोद्याचं. पंचतंत्रातली माकड आणि मगरीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती आम्ही वाचली. बडोद्यातल्या मुलांसाठी मगर काही फक्त गोष्टीतली नाही. आपल्या विश्वामित्रीत मगरी राहतात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा गोष्टीच्या शेजारी आम्ही मगरीची माहिती देणारं एक पान ठेवलं, पुराच्या वेळची गुजराती वर्तमानपत्रातली बातमी ठेवली आणि नदीकाठी लावलेल्या इशाऱ्याच्या पाटीचा फोटो ठेवला. चार मजकूर, चौघांत मगर. मुलांना विचारलं, हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं?

त्या दुपारी जी चर्चा झाली ती ऐकायला तुम्ही हवे होतात. गोष्टीत मगर बोलते, कारण गोष्टीला तिच्यातून माणसांबद्दल काही सांगायचं आहे. माहितीच्या पानात ती बोलत नाही, पण तिथे एक नवल कळतं. मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर आली की त्यांना तोंडात अलगद धरून पाण्यात नेते. आपल्याकडे पाहणाऱ्याला वाटतं की ती पिल्लं खाते आहे. पाटीवर दोनच ओळी, कारण पाटी वाचणारा थांबत नाही. बातमीत मगरीची लांबी फुटांत, माहितीच्या पानात मीटरमध्ये. सातवीतला तो मुलगा, गणिताचा, त्याने न सांगता फुटांचे मीटर करून दोन्हींची तुलना केली. हा भाषेचा तास होता की विज्ञानाचा, की गणिताचा, की नागरिकशास्त्राचा? आम्हाला सांगता येणार नाही, आणि मुलांनी विचारलंही नाही.

इतिहासासाठी तर बडोद्याइतकं सोयीचं गाव नाही. कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ मध्ये, बाराव्या वर्षी, दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच मुलाने पुढे सयाजीराव महाराज म्हणून १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. १९१० मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाच्या तज्ज्ञाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. खेड्यापाड्यांत पेट्यांतून पुस्तकं पाठवली. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसालाच वाचनाची किंमत अशी कळते, असं आमच्या काकांनी मुलांना सांगितलं. त्यावर लगेच प्रश्न आला, "महाराजांना वाचता येत नव्हतं, हे कशावरून?" काकांना पुढच्या शनिवारी चरित्र घेऊन यावं लागलं. मुलांना आम्ही मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतही नेलं. तिथल्या काचेच्या फरशीवर पाय ठेवायला आधी सगळीच घाबरली, नंतर निघेनात.

मग प्रत्येकाला घरचा अभ्यास दिला. आपलं घराणं बडोद्यात कधी आणि कशासाठी आलं, ते आजी-आजोबांना विचारून लिहून आणा. कुणाचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले होते, कुणाचे पणजोबा कलाभवनात शिकायला, कुणाचे रेल्वेत, तर कुणाचे आजोबा रिफायनरीतल्या नोकरीसाठी. एका घरात आजी एक वर्ष सांगत होती आणि आजोबा दुसरं. मूल आमच्याकडे आलं, "आता खरं कुणाचं धरू?" आम्ही म्हटलं, घरात एखादा कागद आहे का बघ. जुन्या शाळेचा दाखला निघाला, आणि त्याप्रमाणे दोघंही चूक निघाले. इतिहास कसा वाचायचा, हे त्या मुलाला आता कुणी शिकवायला नको.

आता भाषेचं. मुलं आमच्याशी मराठीत वाचतात आणि उत्तर देताना मध्येच गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळं मिसळतात. आधी आम्ही टोकायचो. आता टोकत नाही. समजलं की नाही, हे आधी बघायचं. समजलेलं मूल शब्द नंतर उचलतं, आणि टोकलेलं मूल बोलायचंच थांबतं. लिपीचीही भीती घालत नाही. गुजराती माध्यमातल्या मुलांना सांगतो, तुम्हाला ग, घ, न, प, म आधीच येतात, डोक्यावर रेघ द्या की झालं. क, ख, च, ज, ब अशी काही वेगळी आहेत, ती शोधून काढा. मुलं ती खेळासारखी शोधतात. शब्दांच्या गमतीही होतात. एका मुलीने हिंदीच्या सवयीने वाचलं की गुरुजींनी त्याला शिक्षा दिली, आणि म्हणाली, "किती चांगले गुरुजी!" मराठीत शिक्षा म्हणजे काय, ते सांगितल्यावर वर्ग पाच मिनिटं हसत होता. तो शब्द आता कुणी विसरणार नाही.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं, ते इथे बोलायला हवं. आपल्यापैकी एका कुटुंबाला मुलाच्या शाळेतून सांगण्यात आलं की घरी मराठी बोलू नका, मुलाचं इंग्रजी बिघडतं. आईवडिलांनी ते ऐकलं. घरात आजी होती, तिला इंग्रजी येत नाही. दोन वर्षांत नातू आणि आजी यांच्यात जेवलास का आणि झोपलास का एवढंच बोलणं उरलं. त्याचं इंग्रजी सुधारलं का? तसं काही झालं नाही. ज्या मुलाला कुठल्याच एका भाषेत गोष्ट नीट ऐकायला मिळत नाही, त्याला दुसऱ्या भाषेत तरी ती कशी समजणार? पुढे काय होईल याचा अंदाज बांधणं, कशावरून ते शोधणं, न कळलेलं वाक्य परत वाचणं, या सवयी मूल एका भाषेत शिकलं की दुसऱ्या भाषेत घेऊन जातं. तो मुलगा आता वर्गात येतो. आजी त्याला सोडायला येते आणि घरी न जाता मागच्या खुर्चीवर बसून राहते. गोष्ट तिलाही ऐकायची असते.

हे सगळं आम्ही शोधून काढलेलं नाही. आपल्याच परंपरेत ते आहे. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढलं. मुंबईकर ताराबाई मोडक तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी ते काम बोर्डी आणि कोसबाडला नेलं. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातले मास्तर चौथीच्या वर्गात जाऊन धडा न घेता गोष्ट सांगायला लागतात, आणि पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं आणून वर्गाचं ग्रंथालय करतात. गुजराती माणसाने आणि मराठी बाईने मिळून उभं केलेलं हे काम, बडोद्याच्या मराठी मंडळाला परकं कसं असेल?

पुस्तकं कुठून आणायची, असं बरेच जण विचारतात. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश'ची पुस्तकं लहानांना फार आवडतात. बालभारतीचा 'किशोर' अंक १९७१ पासून निघतो आहे आणि मोठ्या मुलांसाठी त्यात विज्ञानापासून इतिहासापर्यंत सगळं असतं. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर'वर एकच गोष्ट मराठीत आणि गुजरातीत मोफत मिळते, ती मोबाईलवरही वाचता येते. आणि विकत घ्यायचं म्हटलं, तर अर्धा किलो पेढ्यांच्या पैशांत दोन तरी चित्रपुस्तकं येतात. यंदा प्रसादाबरोबर त्याचाही विचार व्हावा.

सगळंच साधलं, असं आम्ही म्हणणार नाही. वर्गात आज सतरा मुलं आहेत. त्यातली दोन अजून ओळ सलग वाचू शकत नाहीत, आणि त्यांना आमच्यापेक्षा जाणत्या मदतीची गरज आहे, हे ओळखायला आम्ही उशीर केला. दहावीची मुलं येत नाहीत. शाळांनाही आम्ही अजून बरोबर घेऊ शकलेलो नाही. सातवीतला तो मुलगा गणितात पहिला आलेला नाही. पण गेल्या महिन्यात त्याच्या आईने एक शिकवणी बंद केली. आम्ही विचारलं, का? ती म्हणाली, "तो म्हणतो, मला उदाहरण वाचता येतं."

शेवटचं सांगून थांबतो. मंडळाच्या येत्या सभेपुढे एक विषय आहे. मागच्या खोलीत मांडवाचं सामान ठेवायला जागा करायची आणि चार कपाटांतली पुस्तकं रद्दीत द्यायची. जागेची अडचण आम्हालाही दिसते. मांडवाचे खांब दरवर्षी आपण जिन्यात ठेवतो आणि दरवर्षी कुणाच्या तरी पायाला लागतात. तेव्हा चारही कपाटं ठेवा, असा हट्ट आम्ही धरत नाही. जुन्या कादंबऱ्या आणि अंक कुणाला हवे असतील त्यांनी घरी न्यावेत, उरलेले एखाद्या ग्रंथालयाला देऊ. मुलांचं एक कपाट मात्र राहू द्या. ते मागच्या खोलीत नको, इथे सभागृहातच, दाराजवळ, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर ठेवू या. त्याला कुलूप नको. आज त्याची किल्ली कार्यालयात असते आणि कार्यालय शनिवारी बंद असतं.

दुसरी विनंती आजी-आजोबांना. आम्ही सहा जण आहोत आणि मुलं सतरा. एका मुलाला मांडीशी घेऊन पुस्तक वाचून दाखवायला शिक्षक असावं लागत नाही. चष्मा असला की पुरे. शनिवारी चार ते साडेपाच. चहा आमच्याकडे.

आणि मुलांनो, तुम्ही आज घरी गेल्यावर कुणी विचारलं, की भाषणात काय सांगितलं, तर सांगाच. त्यांनी मान डोलावली तर विचारा, "कशावरून?"

गणपती बाप्पा मोरया!